मटणाच्या दिवशी आडवी बाटली

पोरांनो, गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचा तो फोटो इतक्या लांब तुमच्यापर्यंत कसा पोचला, मला ठाऊक नाही. शाळेच्या व्हरांड्यात बायकांची रांग, भिंतीवर एक कागद, त्यावर दोन बाटल्या काढलेल्या, एक उभी आणि एक आडवी, आणि त्यांच्या बरोबर खाली मी, हातात छत्री. तुम्ही दोघांनी लगेच विचारलंत, "आजी, तू दारूच्या विरोधात कधीपासून? मग कपाटातली ब्रँडी कुणाची?"

ब्रँडी माझीच. तुमचे आजोबा फौजेत होते, ते गेल्यावर कॅन्टीनचं कार्ड माझ्या नावावर झालं. थंडीत झोपताना दोन चमचे कोमट पाण्यात घेते आणि त्याबद्दल मला काडीचाही पश्चात्ताप नाही. तरीही मी आडव्या बाटलीवर शिक्का मारला. कसं ते क्रमाने सांगते, म्हणजे पुन्हा फोनवर उलटतपासणी नको.

आधी नियम समजून घ्या. आपल्या राज्यात एखाद्या गावातलं दारूचं दुकान बंद करायचं असेल, तर गावातल्या बायकांनी आधी सह्या गोळा करायच्या, मग सरकार मतदान घेतं. मत फक्त बायकांचं. कागदावर दोन चित्रं. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद करा. इथपर्यंत ऐकून तुम्हाला आपलं राज्य फार पुरोगामी वाटेल. पुढे ऐका. आडवी बाटली जिंकायला मतदान केलेल्यांपैकी निम्म्या बायका पुरत नाहीत, यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त लागतात. म्हणजे जी आलीच नाही, तिचं मत उभ्या बाटलीला. जी लग्न होऊन गेली पण नाव राहिलं, तिचंही. जी वारली आणि अजून यादीत जिवंत आहे, तीसुद्धा दारूच्या बाजूची.

आमदाराला हा नियम लावला असता तर विधानसभेत झाडलोट करणारेच तेवढे दिसले असते. आमदाराला फक्त दुसऱ्यापेक्षा एक मत जास्त लागतं, आणि निवडून आल्यावर पक्ष कुठला ते नंतर सवडीने ठरवता येतं. बाटली मात्र कायद्याने इतकी जपलेली की तिला आडवी करायला अख्ख्या गावाने घाम गाळायचा. परवाना देताना बायकांना कुणी विचारलं नव्हतं. तो काढून घ्यायला मात्र त्यांनी रांगेत उभं राहायचं. वर सरकार आम्हाला लाडाने बहीण म्हणतं. भाऊ एका हाताने ओवाळणी घालतो आणि दुसऱ्या हाताने दाजींसाठी कोपऱ्यावर दुकान उघडून देतो.

हे सगळं मी समोरच्या घरातल्या बाईला ऐकवलं, तेव्हा ती माझ्या व्हरांड्यात शेंगा फोडत होती. मी तिला फार शहाणपणाने सांगितलं की बंदीने काही होत नाही. इथलं बंद झालं तर पुढच्या गावात आहे. पिणारा चार किलोमीटर जाईल.

तिने शेंगा फोडायचं थांबवलं नाही. म्हणाली, "काकी, तुमी शिकलेल्या. पण एक सांगा. आत्ता दुकान रस्त्यापासून अकरा पावलं हाय, मी मोजल्यात. अकरा पावलांत माणसाला इचार बदलायला येळ मिळतो व्हय? चार किलोमीटरला मिळंल. निदान गाडीतलं पेट्रोल तरी बघंल."

चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या बाईला शेंगा फोडणाऱ्या बाईने गप्प केलं, याची तुम्ही नोंद घ्या.

तिचा नवरा कुपवाडला एका कारखान्यात लेथवर काम करतो. हात इतका साफ की माझ्या शिलाई मशीनचा मोडलेला भाग त्याने तिथून नवा घडवून आणला. पण प्यायचा. गेल्या वर्षी त्याला व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं, तिथून तो कोरडा होऊन आला आणि कामावरही परत गेला. संध्याकाळी सहाच्या सुमारास त्याची मोटरसायकल गावाच्या वळणावर यायची. दुकान त्या वळणावरच. ही रोज पावणेसहाला घरातून निघायची, दुकानाच्या शंभरेक पावलं अलीकडे बांधावर उभी राहायची, तो आला की मागे बसायची आणि दोघं मिळून दुकान पार करायची. ऊन असो, पाऊस असो, तिला ताप असो. गाव हसायचं. "नवऱ्याला एस्कॉर्ट हाय," असं तालमीपाशी बसणारे म्हणायचे.

तिला ते दुकान तिथून हलायला हवं होतं. बाकी पुरोगामी वगैरे तिला काही नको होतं.

मग मीही कामाला लागले. माझं काम म्हणजे कागद. सह्यांची यादी केली, अर्ज लिहिला, नावं घरवार लावली. गावात एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे दोन गट आहेत, ते दोन्ही आमच्या बाजूने निघाले. मला आधी आश्चर्य वाटलं, मग कळलं की दुकानदार दोघांचाही पाहुणा लागत नाही. आमच्या सरपंचबाई आहेत, म्हणजे जागा बायकांसाठी राखीव आहे आणि खुर्चीत त्यांचे यजमान बसतात. बायकांच्या ग्रामसभेलाही तेच अध्यक्ष म्हणून आले. मी म्हटलं, "सभा महिलांची आहे." ते म्हणाले, "मी त्यांच्या वतीनंच बसतोय, मॅडम." आरक्षणावर रस्ते अडवणारे सगळ्या बाजूंचे लोक मी पाहिलेत, आणि प्रत्येकाच्या तक्रारीत थोडं तथ्य असतं असं माझं मत आहे. पण नवऱ्यांना न मागता मिळालेल्या या आरक्षणाबद्दल अजून कुणीच मोर्चा काढलेला नाही.

सर्वांत जोरात पाठिंबा दिला तो निवृत्त फौजी मंडळींनी. दारूमुळे तरुण पिढी बरबाद होते, यावर त्यांची भाषणं झाली. त्यांची रम कॅन्टीनमधून येते, दुकान राहिलं काय आणि गेलं काय. माझी ब्रँडीही तिथलीच, त्यामुळे मी टाळ्या जरा हळू वाजवल्या.

यादी लावताना खरी अडचण उघडी पडली. आमच्या भागातली कितीतरी घरं सोनं गाळायच्या धंद्यात आहेत. पुरुष कोइमतूरला, कुणी दिल्लीला, कुणी कोचीनला दुकान मांडून बसलेले, बायकापोरंही तिकडेच. मतदारयादीत नावं मात्र इथे. या बायका आल्या नाहीत तर त्या सगळ्या उभ्या बाटलीच्या. समोरचीने एकेकीला फोन केले. सगळ्यांनी गोड बोलून कळवलं की मुलांची शाळा आहे. दुसऱ्याच्या नवऱ्याच्या दारूसाठी दोन रात्री रेल्वेत कोण काढणार?

तेव्हा माझ्या शिस्तीच्या डोक्यात एक कल्पना आली, आणि मला ती फार आवडली. या बायका एकाच वेळी हमखास गावात येतात, ती म्हणजे देवीच्या जत्रेला. मतदान जत्रेत ठेवा. मी तहसील कचेरीला अर्ज लिहिला, दोनदा स्वतः जाऊन आले. पहिला दिवस पालखीचा, त्या दिवशी पोलीस मोकळे नाहीत. कचेरीने जत्रेचा दुसरा दिवस दिला. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच. समोरची इतकी खूष झाली की तिने मला दोन किलो शेंगदाणे आणून दिले.

आता जत्रेचा दुसरा दिवस म्हणजे काय, हे आपल्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. पहिल्या दिवशी पुरणपोळी, दुसऱ्या दिवशी मटण. घराघरात बोकड, आणि प्रत्येक घरी पन्नास-साठ पाहुणे, सकाळी अकरापासून दिवस मावळेपर्यंत पंगती. माझं माहेर औंधचं, देवीच्या डोंगराच्या पायथ्याचं, जत्रेत जन्म गेला म्हटलं तरी चालेल. पण लग्नानंतर मी छावण्यांतून हिंडले, आणि या गावी परतले तेव्हा दोनच माणसांचा स्वयंपाक करायचं वय होतं. मी विसरले असेन तर एक वेळ ठीक. पण ज्या दरवर्षी ते मटण शिजवतात त्यांच्यापैकी एकीलाही तारीख ऐकून शंका आली नाही. सगळ्या म्हणाल्या, बरं झालं, त्या दिवशी आपण घरीच असतो. चुलीपुढे आठ तास उभं राहणं हे काम आहे आणि त्याला वेळ लागतो, हे बायकांच्या हिशेबात धरलंच जात नाही. पुरुषांनी धरलं नाही तर मी भाषण केलं असतं. बायकांनीच धरलं नाही, मग कुणापुढे बोलणार?

त्या दिवशी सकाळी मतदानकेंद्र सुनसान. तीन अधिकारी, दोन पोलीस, त्यातली एक बाई, आणि मी. दहा वाजता म्हाताऱ्या आल्या, ज्यांना आता कुणी चुलीजवळ येऊ देत नाही. अकरानंतर तेही थांबलं. गावभर कांदा-खोबरं भाजल्याचा वास आणि शाळेत माशा. समोरची घरोघर पळत होती. "ये की गं दहा मिनिटं." "अगं, रस्सा लावलाय, सोडून कसं येऊ? पाव्हणं दारात हायती."

एक वाजता तिने थेट तालीम गाठली आणि तिथल्या पारावर बसलेल्या लंगरवाल्या हवालदारापुढे उभी राहिली. हे गृहस्थ फौजेत आचारी होते, हवालदार म्हणून निवृत्त झाले, वय सत्तरच्या पुढे, तुमच्या आजोबांच्या हाताखाली एकदा होते म्हणून मला वहिनी म्हणतात.

"आवं तात्या," ती म्हणाली, "भाषान तर लय झ्याक केलासा. आता रस्सा ढवळायला येता का?"

पारावरचे हसले. तात्या हसले नाहीत. म्हणाले, "किती घरं?"

"सगळीच."

"बटालियन जेवू घातलीया मी. पातेली हिकडं आणा."

बायका आधी तयार होईनात. सगळ्यांचं मटण एका कढईत घालायचं म्हणताच आवाज चढले. प्रत्येक घरची चटणी वेगळी, म्हणजे ते कांदा-लसणाचं तिखट, वर्षाचं करून ठेवलेलं, त्यावर घराची अब्रू. "त्यांच्या पांचट रश्श्यात आमचं बोकड?" शेवटी तात्यांनी तोड काढली. तालमीपुढच्या मैदानात विटांच्या चुली मांडल्या, प्रत्येक घराचं पातेलं वेगळं, झाकणावर खडूने नाव, शेजारी त्याच घरच्या चटणीचा डबा आणि त्याच घरचा पुरुष हातात डाव घेऊन. तात्या काठी घेऊन रांगेतून फिरत होते. "ए गड्या, तळाला लागतंय, हात मोडला का?" "पानी कुणी वाढवलं रं? मी सांगितलं?" दोन्ही गटांचे पुढारी धुरात शेजारी-शेजारी उभे राहून डोळे पुसत होते. गेल्या पाच वर्षांत त्यांना एकत्र रडताना कुणी पाहिलं नव्हतं. समोरचीचा नवराही तिथेच होता. दुकान मतदानामुळे सरकारी हुकमाने बंद, तेव्हा त्या एका दिवशी ती निश्चिंत होती.

दोन वाजल्यापासून बायकांचा लोंढा शाळेत आला. हातांना हळद-तिखट, पदर कमरेला. कोइमतूरच्या, दिल्लीच्या, सगळ्या. रांगेत त्यांची लेकरं आपसात हिंदी बोलत होती, दोघी बहिणी तमिळमध्ये भांडत होत्या, आणि भूक लागली की सगळी "आई" म्हणत होती. पहिलीपासून हिंदी हवी की नको, यावर टीव्हीवर जे गळे काढतात त्यांना एक दिवस त्या रांगेत उभं करायला हवं होतं. माझं मत विचाराल तर लहान पोरांवर सक्ती कसलीच नको, आणि त्यांच्या भाषेची काळजी करणाऱ्यांनी आधी गावची शाळा गळायची थांबवावी. आमच्या मतपेट्या ज्या वर्गात ठेवल्या, त्याच्या छताखाली तीन बादल्या कायमच्या ठेवलेल्या आहेत.

चार वाजून गेले होते. समोरची माझ्या पुढे रांगेत, तिच्या पुढे आणखी वीसेक जणी. तेवढ्यात तालमीकडून एक म्हातारी आली आणि सहज म्हणून गेली, "तात्यानं चुलीमागं मिल्ट्रीची बाटली फोडलीया, गडी खूष हायती."

समोरची पांढरीफटक पडली. तिने मागे बघितलं, पुढे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. पाचला फाटक बंद होणार. तिने वर्षभर ज्या मतासाठी जिवाचं रान केलं ते वीस बायकांच्या पलीकडे होतं, आणि ज्याच्यासाठी केलं तो माणूस त्या चुलीमागे.

"काकी, माजी जागा धरा," म्हणाली आणि पळाली.

मी जागा धरली. आयुष्यात मी रांगेत कुणाला घुसू दिलेलं नाही आणि कुणाची जागा धरलेली नाही. त्या दिवशी मागच्या तिघींशी भांडले. पुढच्या वीस होत्या त्या दहा झाल्या, पाच झाल्या. पाचला सात मिनिटं कमी असताना ती आली, नवऱ्याचं मनगट हातात. त्याच्या दुसऱ्या हातात अजून डाव होता. ती थेट फाटकाजवळच्या पोलीसबाईंकडे गेली.

"बाई, ह्यांना जरा धरून ठिवा."

"का, काय गुन्हा केला?"

"अजून केला न्हाई. म्हनून तर."

पोलीसबाईंनी त्याच्याकडे बघितलं, डावाकडे बघितलं आणि बाकावर जागा करून दिली. तो बसला. मान खाली. मला त्याच्याजवळून जाताना फक्त मटणाचा वास आला. पण माझं नाक ब्रँडीवाल्या बाईचं, त्याच्यावर भरवसा किती ठेवायचा? ती आत गेली, मत दिलं, बाहेर आली आणि त्याला सोडवून घेऊन घरी गेली. तिच्या मागून मी शिक्का मारला. आडवीवरच. अकरा पावलांना माझ्याकडे अजूनही उत्तर नव्हतं.

यादीच्या निम्म्याहून सात मतं जास्त पडली. दुसऱ्या दिवशी चौकात मोठा फ्लेक्स लागला, "सर्व माता-भगिनींचे हार्दिक अभिनंदन". त्यावर अकरा पुरुषांचे फोटो होते. माता-भगिनी एकही नव्हती.

दुकानाला कुलूप लागलं. माझंही भाकीत अगदीच खोटं ठरलं नाही. काही जण पुढच्या गावी जातात, काहींना फोन केला की घरपोच मिळते, हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि पोलिसांना सगळ्यांच्या आधी. ज्यांचे नवरे तसेच पितात त्या मला येऊन विचारतात, काकी, काय उपयोग झाला? मी खोटा धीर देत नाही.

समोरचीने मात्र तात्यांशी बोलणं टाकलं. गल्लीत सांगत सुटली की भाषण करणाऱ्यानेच तिच्या नवऱ्याला पाजायला बघितलं. तात्यांनी एका शब्दाने उत्तर दिलं नाही. रस्त्यात ती दिसली की बाजूला व्हायचे.

महिनाभराने तिचा नवरा माझा नळ दुरुस्त करायला आला. ती ताक घेऊन पाठोपाठ आली आणि बोलता बोलता पुन्हा तात्यांवर घसरली. तो नळाखाली वाकलेला होता. तसाच वाकून म्हणाला, "तात्यानं न्हाई दिली."

"काय?"

"बाटली त्यांची व्हती, खरं हाय. दोघातिघांना दिली. मला न्हाई. मी मागितली."

नळातून एकेक थेंब पडत होता.

"मागितली, तर म्हनले, तुला न्हाई द्यायची. मी म्हनलं, घोटभर. त्यांनी बूच लावलं, बाटली पिशवीत टाकली आन माझ्या हातात डाव दिला. म्हनले, ढवळ. तवाच तू आलीस."

तिने ताकाचा तांब्या ओट्यावर ठेवला. मग म्हणाली, "मग तवाच का न्हाई सांगितलासा?"

"सांगू दिलंस व्हय? थेट पोलिसात दिलंस."

मला हसू आलं, पण तिला आलं नाही, म्हणून मी दाबलं. तिने विचारलं, "आता बी प्यावंसं वाटतं का?"

"वाटतं."

"कवा?"

"रोजच. कवा कमी, कवा लय."

मी इतकी वर्षं कायदा, नियम, आमदार, परवाना यांवर मतं मांडत आले, आणि त्या सगळ्यात हा प्रश्न कुठेच नव्हता. तिला तो विचारायला वर्ष लागलं, कारण ती रोज त्याला रस्ता पार करून देण्यात गुंतली होती.

ती त्याच पावली तात्यांच्या घरी गेली. काय बोलली मला माहीत नाही. परत आली तेव्हा तिच्या हातात तात्यांनी दिलेली कोथिंबीर होती, म्हणजे फार वाईट झालं नसावं.

आता ती वळणावर जात नाही. संध्याकाळी त्याची मोटरसायकल दारात लागते, आणि तो आत जाता जाता तिला सांगतो, आज वाटलं, किंवा आज नाही वाटलं. नळाला पाणी आलं की नाही हे जसं सांगतात तसंच. माझ्या व्हरांड्यात स्पष्ट ऐकू येतं. काल म्हणाला, "आज लय वाटलं." ती आतून म्हणाली, "बरं. हात धुवा, ताट वाढते."